होळकरकालीन ढंगाची गोधडी: काठ आणि पट्ट्यांचे रंग कसे निवडावेत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोधडीचा मधला भाग सहसा कुणाला अडवत नाही. आजीचं लुगडं असतं, आजोबांचं धोतर असतं, ते एकमेकांशेजारी ठेवलं की जमतं. अडतं ते काठापाशी. इंदूरमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून मला जे प्रश्न येतात त्यातले निम्मे तरी काठाच्या आणि मधल्या पट्ट्यांच्या रंगाचे असतात. तेच इथे एकत्र केले आहेत.

“जुन्या काळासारखी” म्हणजे नक्की कोणता काळ धरायचा?

कापड घेण्याआधी हे ठरवा, कारण रंगांची यादी त्यावरच ठरते. “होळकरकालीन” हा शब्द फार लांबरुंद आहे. अहिल्याबाईंचा महेश्वरचा कारभार १७६७ ते १७९५ असा. राजधानी इंदूरला आली १८१८ मध्ये. संस्थान विलीन झालं १९४८ मध्ये. एवढ्या काळात कापड रंगवण्याची विद्याच पालटून गेली.

त्यातलं मोठं वळण १८५६ चं. त्या वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला. १८६९ मध्ये मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतलं लाल द्रव्य, म्हणजे ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार झालं. १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्यामुळे माझ्याकडे दोन वेगळ्या टोपल्या आहेत. पहिलीत जुने रंग: निळीचा निळा, आल (म्हणजे आपली बारतोंडी) आणि मंजिष्ठेचा लाल, हिरडा-लोखंडाचा काळा, काताचा तपकिरी, डाळिंबसालीचा मातकट पिवळा. दुसरीत १८७० नंतरचे: राणी, गुलबक्षी, भडक जांभळा, झगझगीत केशरी. दोन्ही टोपल्या सुंदर आहेत, फक्त एकाच गोधडीत उपडी करू नका. अहिल्याबाईंच्या काळाची म्हणून शिवलेल्या गोधडीला राणी रंगाचा काठ लागला, की बाकी कितीही जपून केलेलं असो, नजर तिथेच अडखळते.

काठ आधी ठरवायचा की मधल्या पट्ट्या?

काठ सगळ्यात शेवटी. अगदी शेवटी.

बहुतेक जणी उलट करतात. दुकानात एखादं डाळिंबी कापड मनात भरतं, ते काठासाठी घेतलं जातं, आणि मग त्याला शोभेल असा मधला भाग शोधत आठ दिवस जातात. मधला भाग आपल्या घरातून आलेला असतो, तो बदलता येत नाही. काठ बदलता येतो. म्हणून मधलं सगळं जमिनीवर मांडून घ्या, कडेला काठाची तीन-चार कापडं फक्त दुमडून ठेवा, रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी दारातून आत येताना बघा. पहिल्या नजरेत काठ दिसला तर तो काठ बदला. पहिल्या नजरेत मधलं लुगडं दिसलं आणि त्यानंतर काठ जाणवला, तर जमलं.

रंग जुळवूनही काठ “बसत” नाही. काय चुकतं?

रंगाचं नाव बरोबर असतं, गडदपणा चुकतो. माझ्या मते या सगळ्या कामात एवढी एकच गोष्ट पक्की शिकायची आहे: आधी गडद-फिकट बघायचं, रंग नंतर.

कापडांचे तीन ढीग करा: फिकट, मध्यम, गडद. ठरवता येत नसेल तर मांडलेल्या कापडांचा फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटोत, त्या फोटोत दोन्ही एकसारखे राखाडी निघाले तर लांबून ते एकमेकांत मिसळणारच. काठाशेजारी जे कापड येणार आहे, त्याहून काठ निदान एक पायरी वर किंवा खाली हवा. मधल्या अरुंद पट्ट्यांनाही हेच लागू. दोन मध्यम तुकड्यांमध्ये तिसरी मध्यम पट्टी घातली की तिचं काम संपलं, ती असून नसल्यासारखी.

गेल्या हिवाळ्यात एका भाचीने वांगी रंगाचं लुगडं आणलं होतं. त्याला तिने अंजिरी काठ लावायचा ठरवला होता. “मावशी, दोन्ही जुने रंग आहेत ना?” हे तिचं म्हणणं खरंच होतं. पण दोन्ही सारखेच गडद. आम्ही मध्ये फक्त दीड बोट रुंदीची मांजरपाटाची पट्टी घातली, आणि तोच अंजिरी काठ एकदम उठून आला. कापड एकही बदलावं लागलं नाही.

काळा काठ चालेल का? घरात मोठी माणसं नको म्हणतात.

आपल्याकडे काळ्याला सरसकट वर्ज्य कुठे मानतात? संक्रांतीला चंद्रकळा काळीच, बाळाच्या बोरन्हाणाला झबलंही काळंच. लग्नाच्या रुखवतात ठेवायची गोधडी असेल तर मोठ्यांचं मन राखून गडद निळा किंवा कातासारखा तपकिरी घ्या. काळ्याचं काम तो तितकंच चांगलं करतो.

मला काळ्याबद्दल वेगळी गोष्ट सांगायची आहे. माझ्या आजीची एक गोधडी माझ्याकडे आहे. तिच्यातल्या एका छापील तुकड्यावर बारीक फुलं होती, फुलांना काळी रेघ होती. आता ती रेघ नाही. रेघेच्या जागी भोकं आहेत, जणू कुणी सुईने फुलाची कड कोरून काढली आहे. लाल पाकळ्या मात्र जागच्या जागी, बोट फिरवलं तर अजून मऊ लागतात. हे उंदराचं किंवा कसरीचं काम नाही. जुना काळा लोखंडाच्या पाण्यातून यायचा, आणि ते लोखंड सुताला वर्षानुवर्षं आतून खात राहतं. जुन्या कापडात म्हणूनच काळा आणि गडद तपकिरी भाग आधी विरतो.

याचा अर्थ एवढाच: काळा काठ हवा असेल तर आजच्या पक्क्या रंगाचं नवं काळं सुती कापड घ्या. कितीही अस्सल वाटलं तरी जुनं लोखंडी काळं कापड काठाला लावू नका. काठ हा सगळ्यात जास्त ओढला जाणारा भाग असतो.

जुन्या लुगड्याचे मूळ काठच वापरले तर?

फार चांगलं. लुगड्याचं अंग विरतं तेव्हाही काठ पुष्कळदा धड असतो, कारण तो घट्ट विणलेला असतो. पण रुंदी कमी असते, म्हणून तो बाहेरच्या काठाला न वापरता मधल्या उभ्या पट्ट्यांना वापरा. खाली मलमलची पट्टी धावदोऱ्याने जोडून घ्या, म्हणजे ताण मलमलीवर येतो.

महेश्वरीच्या काठाचं विचाराल तर थोडं थांबा. आजची बरीचशी महेश्वरी उभ्या धाग्यात रेशीम आणि आडव्यात सूत अशी असते, काठाला जर असते. रेशीम आणि सूत धुण्यात सारखं वागत नाही, जर अंगाला टोचते. रोज पांघरायच्या गोधडीला तो काठ लावू नये. भिंतीवर टांगायची किंवा पाहुण्यांसमोर पलंगावर पसरायची असेल तर खुशाल लावा. महेश्वरीकडून खरं तर काठ न घेता रंगांची जोडी घ्यावी. शांत, जवळजवळ रिकामं अंग आणि बाजूला चटई, वीट किंवा लहरीच्या नक्षीचा भरीव काठ, हा तिचा स्वभाव आहे. महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामातून या नक्ष्या आल्या असं तिथले विणकर सांगतात. इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर. एकदा घाटावर बसून दगडाचा राखाडी, नर्मदेचा हिरवट आणि मागावर दिसणाऱ्या साड्यांचे काठ शेजारी शेजारी पाहून या. पुष्कळ प्रश्न तिथेच सुटतात.

मधला भाग छापील आहे. काठही छापील चालेल का?

चालतो, पण दोघांपैकी एकाने गप्प राहायला हवं. मधल्या भागात मोठी फुलं असतील तर काठाची छपाई बारीक आणि जवळजवळ एकरंगी हवी.

माळव्यात आपल्या हाताशी धार जिल्ह्यातलं बाघ प्रिंट आहे, त्याचा फायदा घ्या. लाल, काळा आणि कापडाचा मळकट पांढरा, एवढ्यातच ते सगळं बोलतं. कापडाला हिरड्याचं पाणी देतात. लालसाठी तुरटीची आणि काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाची खळ, चिंचोक्याच्या पिठाने दाट करून, लाकडी ठशांनी छापतात. मग कापड धुऊन धावडीची फुलं आणि ॲलिझरिन घातलेल्या तांब्याच्या मोठ्या कढईत उकळतात. तुरटी जिथे लागली तिथेच लाल खुलतो. (तो काळाही लोखंडाचाच, त्यामुळे बाघ प्रिंटची बारीक काळी जाळी काठाला घेण्यापेक्षा लाल जास्त असलेली नक्षी घ्या.) ज्यांना पहिल्या टोपलीतले रंग कळत नाहीत त्यांनी बाघचा एक मीटर तुकडा जवळ ठेवावा आणि दुकानात प्रत्येक कापड त्याच्या शेजारी धरून बघावं. त्याच्याजवळ जे किंचाळतं ते परत ठेवा.

लाल नेमका कोणता? दुकानात वीस प्रकारचे लाल असतात.

माळव्याचा जुना लाल आलच्या मुळांचा. हा लाल किंचित विटेकडे झुकतो, कुंकवाकडे झुकत नाही. मंजिष्ठेचाही तसाच, थोडा उबदार. म्हणून निळसर झाक असलेले लाल, म्हणजे राणी, मॅजेंटा, आजचा “मरून” म्हणून मिळणारा वाईनसारखा रंग, हे बाजूला ठेवा. वीट, डाळिंबाची साल, वाळलेली लाल मिरची, या बाजूला या.

हिरवा सापडतच नाही.

जुना हिरवा एका भांड्यात होत नसे. आधी निळीत, मग पिवळ्यात, किंवा उलट. पिवळा उन्हाने आधी उडतो, म्हणून जुन्या कापडातला हिरवा आज निळसर दिसतो. काठाला हिरवा हवाच असेल तर मोरपिशीच्या जवळचा, धूळ बसल्यासारखा घ्या. पोपटी नको.

पांढऱ्या पट्ट्या फारच “नव्या” दिसतात. चहात बुडवू का?

बुडवू नका. चहाचा रंग एकसारखा बसत नाही, दोन धुण्यांनंतर चट्टे दिसतात, आणि जुनं कापड चट्ट्यांनी जुनं दिसत नाही, वापराने दिसतं. आजचं पांढरं शुभ्र कापड डोळ्यांत भरतं कारण त्यात चमक आणणारी रसायनं असतात. सरळ न धुतलेला, न विरंजित मांजरपाट घ्या. दोनदा धुतलात की तो साय धरलेल्या दुधासारखा होतो, आणि कुठल्याही जुन्या रंगाशेजारी शांत बसतो. धोतराचं पान असेल तर त्याहून उत्तम.

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या क्विल्टच्या पट्ट्यांचे नियम आपल्याला लागू पडतात का?

नियम म्हणून घेऊ नका, शिकायला घ्या. उत्तर इंग्लंडमध्ये, डरहॅम आणि नॉर्थंबरलँड भागात, एकोणिसाव्या शतकात उभ्या लांब पट्ट्यांच्या रजया होत. रंग बहुधा दोनच, पांढरा आणि गडद लाल अशी जोडी नेहमीची. पट्ट्या विषम संख्येने, म्हणजे मध्यभागी एक पट्टी येते आणि दोन्ही कडांना एकच रंग राहतो. ही विषम संख्येची युक्ती आपल्या गोधडीला फार शोभते.

अमेरिकन घरांत चौकोनी तुकड्यांच्या मध्ये पट्ट्यांची चौकट घालण्याची रीत आहे. तिथल्या जुन्या काळाच्या नकलांमध्ये निळीचा निळा, मंजिष्ठेचे तपकिरी आणि बारीक ठिपक्यांचे शर्टाच्या कापडासारखे फिकट तुकडे असतात. बघायला गेलं तर हे आपलेच रंग. आणि गंमत नव्हे, खरा इतिहास आहे: सतराव्या-अठराव्या शतकात हिंदुस्थानातलं छापील सुती कापड, म्हणजे छिंट, युरोपात इतकं खपलं की तिथल्या लोकर आणि रेशमाच्या कारागिरांच्या दबावाने फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने त्यावर बंदी घातली. इंग्लंडातली बंदी १७७४ मध्ये उठली. पुढे तिकडच्या रजयांना रुंद छिंटीचे काठ लागू लागले. तेव्हा छापील काठ “परदेशी वाटतो” म्हणून कुणी नको म्हणत असेल, तर तो आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे हे जरूर सांगा.

काठ किती रुंद? कापड किती घ्यायचं?

एका माणसाच्या, साधारण ६० × ९२ इंचांच्या गोधडीसाठी मी वापरते तो हिशेब देते. साडेसात इंचांच्या पाच रुंद पट्ट्या, त्यांच्या मध्ये तीन इंचांच्या चार अरुंद पट्ट्या, आणि भोवती पाच इंचांचा काठ. रुंदी ३७.५ + १२ + १० = ५९.५ इंच. लांबी मधली ८२ आणि वर-खाली काठ धरून ९२.

प्रत्येक शिवणीला दोन्हीकडे पाव-पाव इंच सोडायचं, म्हणून कापताना रुंद पट्टी ८ इंच, अरुंद साडेतीन, काठ साडेपाच. कापडाचा पन्हा ४४ इंच धरला तर पाच रुंद पट्ट्यांना ४० इंच लागतात, म्हणजे सव्वादोन मीटर एका तुकड्यात भागतं. अरुंद पट्ट्या आणि चारही काठ एकाच रंगात घेणार असाल तर त्यांना १४ + २२ = ३६ इंच, तेही दुसऱ्या सव्वादोन मीटरमध्ये. कापड आटतं हे धरूनच हा हिशेब आहे, पण म्हणून आधी धुणं चुकवू नका.

पट्ट्या नेहमी कापडाच्या उभ्या धाग्यात कापा. आडव्या धाग्यात कापलेला काठ ताणला जातो आणि गोधडीची कड झालरीसारखी लाटा घेते. अगदी बाहेरची बंद करायची पट्टी तेवढी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, चालते, कोपरे गोल असतील तर उरेबच हवी.

इंदूरमध्ये कापड कुठे बघावं?

महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये मुख्यतः ठोक व्यवहार. चार-पाच जणी मिळून ताग्यातून घेणार असाल तर तिकडे जा. दोन-सव्वादोन मीटरसाठी राजवाड्याच्या आसपास आणि शीतलामाता बाजारात फिरा. सकाळी जा. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका, कापड उंबऱ्याबाहेर नेऊन उन्हात धरा, मग सावलीत धरा. दुकानदाराला “भैया, ज़रा बाहर देख लूँ” म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. पांढऱ्या दिव्याखाली तपकिरी वाटलेलं कापड घरच्या पिवळ्या दिव्याखाली चक्क जांभळट निघालेलं मी पाहिलं आहे. सोबत मधल्या भागाचा तुकडा न्या. फोनमधला फोटो रंगाच्या बाबतीत भरवशाचा नाही, तो फक्त गडद-फिकट बघायला.

रंग जाईल का, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न मी जरा कळवळून सांगते. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून “एकदम पक्का” म्हणून गडद लाल कापड घेतलं. चार महिने हाताने धावदोरा घातला. पहिल्याच धुण्यात त्या लालने शेजारच्या सगळ्या मांजरपाटाच्या पट्ट्या गुलाबी केल्या. ती गोधडी ज्या मुलीसाठी होती तिने काही न बोलता घेतली, पण मला अजून ती पाहवत नाही.

तेव्हापासून प्रत्येक कापडाचा हातभर तुकडा गरम पाण्यात, साबणाच्या फेसात पांढऱ्या चिंधीबरोबर अर्धा तास भिजवते. मग तोच ओला तुकडा चिंधीत गुंडाळून रात्रभर ठेवते. पाण्याला रंग आला तर फारसं बिघडत नाही, वरचा सुटा रंग दोन-तीन धुण्यांत निघून जातो. चिंधीला लागला तर कापड पुन्हा धुवा आणि पुन्हा हीच परीक्षा घ्या. तिसऱ्यांदाही लागला तर ते कापड पांढऱ्याजवळ न्यायचं नाही.

मीठ, तुरटी, व्हिनेगर घालून बाजारचा रंग पक्का होतो हा समज सोडून द्या. तुरटी रंगवण्याआधी कापडाला देतात तेव्हा ती काम करते. रंगवून झालेल्या कापडावर ती उशिरा आलेली असते.

काठाचा दोरा कोणत्या रंगाचा?

काठाच्या रंगाचा घ्या, मधल्या भागात मांजरपाटी. दोन्हीकडे एकच दोरा वापरायचा असेल तर मांजरपाटीच. गडद काठावर फिकट धावदोऱ्याची रांग दिसू द्यायला हरकत नाही, जुन्या गोधड्यांत ती दिसतेच. टाके मात्र सुती दोऱ्याचे हवेत. पॉलिस्टरचा दोरा सुतापेक्षा चिवट, ताण आला तर तो तुटण्याआधी जुनं मऊ कापडच फाटू शकतं.

धुतल्यावर कशी वाळवायची म्हणजे काठाचा रंग टिकेल?

सावलीत, उलटी बाजू वर करून, दोन दोऱ्यांवर पसरून. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या गोधडीचं वजन मधल्या घडीवर येतं आणि तिथला काठ कायमचा ओढला जातो. मे महिन्यातल्या आपल्या गच्चीवरच्या उन्हात तर मुळीच नको. उरलेल्या काठाची हातभर पट्टी धुऊन, गुंडाळून, गोधडीसोबत त्याच पेटीत ठेवा. दहा वर्षांनी काठ कुठे विरला तर त्याच रंगाचं ठिगळ हाताशी असेल.